फारकतीचा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे

१ जुलै २०२४ रोजी १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या संहितेतील कलम १२५, म्हणजे पोटगीचे कलम, नव्या संहितेत कलम १४४ झाले आहे. दिघा, रबाळे, घणसोली, तुर्भे स्टोअर येथील कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत "तिने एकशे पंचवीस टाकली" हे वाक्य शिकलेल्या आणि न शिकलेल्या सर्वांनाच कळते. त्यामुळे "आता एकशे पंचवीस राहिली नाही, मग पोटगी मागायची कशी?" असा प्रश्न आयाबहिणी विचारतात, तर ते साहजिकच आहे. उत्तर अगदी थोडक्यात आहे. कलमाचा आकडा बदलला, हक्क बदललेला नाही. जुने आदेश रद्द झालेले नाहीत आणि जुने प्रलंबित अर्ज जुन्याच संहितेनुसार पुढे चालतात.

परंतु कलमाचा आकडा बदलला म्हणून धास्तावणाऱ्या आपल्या समाजाला दुसऱ्या एका कागदाची मात्र अजिबात भीती वाटत नाही, ही खरी चिंतेची बाब आहे. तो कागद म्हणजे फारकतीचा स्टॅम्पपेपर.

नवराबायकोचे पटत नाही. बैठक बसते. मंडळाचे पदाधिकारी, दोन्हीकडचे मामा-काका, गावाकडून आलेले चार जाणते लोक बसतात. तास-दोन तास बोलाचाली होते आणि शेवटी कोणीतरी स्टॅम्पपेपर आणतो. पूर्वी हा कागद शंभराचा असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने किमान मुद्रांक वाढवल्यापासून तो पाचशेचा झाला आहे. मजकूर मात्र ठरलेला असतो. आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त होत आहोत. दागिने व भांडी परत मिळाली. मुलगा वडिलांकडे, मुलगी आईकडे. यापुढे पोटगीचा कोणताही दावा करणार नाही. दोघांनाही दुसरे लग्न करण्यास मोकळीक आहे. खाली सह्या, अंगठे, चार साक्षीदार आणि नोटरीचा लाल शिक्का. चहा होतो आणि बैठक उठते. सर्वांना वाटते, घटस्फोट झाला.

तो झालेला नसतो. त्या दिवशी संध्याकाळीही ती बाई कायद्याने त्याची बायको असते आणि तो तिचा नवरा असतो. नोटरीला लग्न लावण्याचा अधिकार नाही आणि मोडण्याचाही नाही. केंद्रीय कायदा मंत्रालयाने नोटरींना २०२४ साली हे पुन्हा बजावले आहे. तरीही हे कागद होतच आहेत.

आपल्याला कोणता कायदा लागू?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २ नुसार हा कायदा धर्माने बौद्ध असलेल्या व्यक्तीलाही लागू आहे. कायद्याचे नाव आपल्याला खटकते, हे मी समजू शकतो. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा असावा ही मागणी चळवळीत जुनी आहे आणि ती रास्तही आहे. पण तो कायदा होईपर्यंत आपल्या मुलीबाळींचा संसार याच कायद्याखाली उभा राहतो आणि याच कायद्याखाली मोडतो. हे नीट समजून घेतले नाही तर नुकसान आपलेच आहे.

याच ठिकाणी आंतरजातीय विवाह केलेल्यांकडून एक प्रश्न येतो. लग्नानंतर जोडीदाराने बौद्ध धम्म स्वीकारला, तर धर्मांतर म्हणून घटस्फोट मिळेल काय? धर्मांतर हे घटस्फोटाचे एक कारण आहे खरे. पण या कायद्यापुरता "हिंदू" या शब्दात बौद्धही येतो, असे कलम २ मध्येच म्हटले आहे. म्हणून धम्मदीक्षा घेतली एवढ्या कारणावर कोणी कोणाला सोडू शकत नाही.

मग फारकतीचा कागद आला कोठून? कायद्याच्या कलम २९ मध्ये एक पळवाट आहे, तेथून. ज्या समाजात रूढीने घटस्फोट होत असेल, तेथे तो रूढीचा हक्क कायद्याने मोडलेला नाही. मात्र ती रूढी दीर्घकाळ, अखंड आणि सर्वत्र सारखी पाळली जाते, हे सिद्ध करावे लागते. रूढीचा घटस्फोट हा सर्वसाधारण कायद्याला अपवाद आहे, म्हणून जो त्याचा आधार घेतो त्याने तशी रूढी स्पष्टपणे मांडून पुराव्याने शाबीत केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. "आमच्यात असेच चालते" एवढे बोलून भागत नाही.

आता बौद्ध माणसाने कोणती रूढी सांगायची? काडीमोड आणि फारकत ही जातीची रूढी होती. ती जातपंचायतीच्या हुकमाने चाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण जात सोडली, जातीबरोबर पंचायत सोडली, पंचायतीबरोबर तिचा हुकूमही सोडला. लग्न लावताना आम्ही बौद्ध, त्रिशरण-पंचशील घेऊन मंगल परिणय करणार, आणि लग्न मोडताना मात्र जुन्या जातीची रूढी सांगणार, हे कायद्यात बसत नाही आणि धम्मातही बसत नाही.

काहीजण म्हणतील, उच्चवर्णीय बायकांना जन्माची गाठ सोडवता येत नव्हती, तेव्हा आमच्या बायकांना फारकत होती आणि पाट लावण्याची मोकळीक होती. हे खरे आहे, आणि ती मोकळीक लहान नव्हती. पण ती कोणाच्या हातात होती, हेही विचारले पाहिजे. पंचायतीत बाई पंच नव्हती. फारकतीत पोटगी नव्हती. मूल कोणाकडे, हे मुलाचे हित पाहून ठरत नव्हते. विवाह मोडण्याचा वा बाईला पुन्हा लग्न करू देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ सालीच म्हटले होते. पण तेव्हा त्या बाईला दुसरा दरवाजाही उघडा नव्हता. मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला तो १९४७ साली.

तो दरवाजा साऱ्या देशासाठी उघडावा म्हणून कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर हिंदू कोड बिल घेऊन लढले. घटस्फोट, पोटगी, वारसा, दत्तक असे सारे त्या एका बिलात होते. सरकारने ते बिल सोडून दिले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याची अनेक कारणे होती, त्यात हे एक मोठे कारण होते. पुढे तेच बिल तुकडे तुकडे करून १९५५ आणि १९५६ मध्ये चार कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. त्यातला शेवटचा, दत्तक व पोटगीचा कायदा २१ डिसेंबर १९५६ चा आहे. म्हणजे महापरिनिर्वाणानंतर अवघ्या १५ दिवसांनी झालेला. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी सत्ता सोडली, तो हक्क आपण पाचशे रुपयांच्या कागदावर सोडून देतो. याला काय म्हणावे?

कागदाचा फास

फारकतीचा कागद नुसता कुचकामी असता तर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. तो बाईच्या गळ्यातला फास होतो, कसा ते पाहा.

पोटगीच्या कलमात "पत्नी" या शब्दात घटस्फोटित आणि पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही येते. न्यायालयातून परस्पर संमतीने घटस्फोट घेतलेल्या स्त्रीलाही पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले आहे. पण त्याच कलमात असेही आहे की, नवराबायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला पोटगी मिळणार नाही. आता नवऱ्याचा वकील तो स्टॅम्पपेपर न्यायाधीशांपुढे ठेवतो आणि म्हणतो, हा घटस्फोट कायदेशीर नाही, म्हणून ही बाई घटस्फोटित नाही. आणि ही दोघे राजीखुशीने वेगळी राहतात, हे तिनेच लिहून दिले आहे. म्हणजे पुन्हा लग्न करताना नवऱ्याला तो कागद घटस्फोट वाटतो आणि पोटगी द्यायची वेळ आली की त्याच कागदाला तो घटस्फोट मानत नाही. दोन्हीकडून बाईच कापली जाते.

यावर उत्तर नाही असे नाही. पोटगी सोडून देण्याचा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे आणि त्याने कायद्याने दिलेला हक्क बुडत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले आहे. म्हणून ज्या भगिनींनी असा कागद लिहून दिला आहे त्यांनी सारे संपले असे समजू नये, अर्ज जरूर करावा. पण जो हक्क सरळ मिळाला असता त्यासाठी आधी त्या कागदाशी भांडावे लागते. तारखा वाढतात, आणि हातावर पोट असलेल्या बाईची प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते.

दुसऱ्या लग्नाचे तर विचारूच नका. कागदावर "मोकळीक आहे" लिहिले म्हणून ज्याने दुसरे लग्न केले, त्याचे ते लग्न कायद्याने शून्य आहे. शिवाय तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. यात सर्वात मोठा घात होतो तो दुसऱ्या बाईचा. ती बिचारी कागद बघून, लोकांवर विश्वास ठेवून नांदायला येते. माणूस महापालिकेत, एमआयडीसीतल्या कंपनीत किंवा एपीएमसीत माथाडी म्हणून राबतो आणि एक दिवस मरतो. मग प्रॉव्हिडंट फंड कोणाचा, पेन्शन कोणाची, अनुकंपा कोणाला, यावर दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात. पहिली पत्नी हयात असताना जिच्याशी लग्न केले, ती निवृत्तिवेतन नियमांखाली विधवा म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन मागू शकत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१९ साली दिला आहे. वीस वर्षे जिने त्याची भाकरी थापली, तिच्या हाती काहीच नाही. तिची मुले मात्र कायद्याने औरस धरली जातात आणि बापाच्या मालमत्तेत त्यांना वाटा असतो.

अशा बाईला कायदा अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. पहिले लग्न लपवून दुसरीशी लग्न करणाऱ्याला, "ती माझी कायदेशीर बायकोच नाही" असे म्हणून पोटगीतून सुटता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवले. आणि १२ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात, लग्न शून्य ठरले तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायम पोटगी मागता येते, असे सांगितले. ती द्यावी की नाही, हे प्रकरण पाहून न्यायालय ठरवते.

मूल कोणाचे?

"मुलगा बापाचा, मुलगी आईची" ही वाटणी कायद्यात कोठेही नाही. मूल म्हणजे वाटून घ्यायचे भांडे नव्हे. १९५६ च्या अज्ञान पालकत्व कायद्यात मुलाचे हित हीच सर्वात वरची कसोटी आहे, आणि ५ वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहावे असे म्हटले आहे. बाप हा पहिला नैसर्गिक पालक आणि "त्याच्यानंतर" आई, अशी त्या कायद्याची भाषा आहे. लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या "नंतर" शब्दाचा अर्थ "बाप मेल्यावर" असा नसून, बाप मुलाकडे लक्ष देत नसेल तेव्हाही आई पालक आहे, असा लावला.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. ज्याच्याकडे मूल नाही त्याला भेटीचा हक्क असतो, आणि पोटगी दिली नाही म्हणून भेट अडवणे किंवा भेट मिळाली नाही म्हणून पोटगी अडवणे, दोन्ही चूक. मुलाची पोटगी हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे. आईने कागदावर सोडला म्हणून तो सुटत नाही.

आपल्या समाजापुरता एक मुद्दा येथे फार महत्त्वाचा आहे, आणि घटस्फोटाच्या गडबडीत तो सगळेच विसरतात. तो म्हणजे मुलांचा जातीचा दाखला. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण दाखला आणि पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे लागतात, आणि ते सहसा बापाकडच्या घराण्याचे मागितले जातात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, चुलत्याचे वैधता प्रमाणपत्र ही कागदपत्रे सासरच्या पेटीत असतात. मूल आईजवळ वाढते आणि अकरावी-बारावीला दाखल्यासाठी त्याच सासरच्या दारात उभे राहते. तेथे सूड उगवला जातो. वडील वरच्या जातीचे असले तरी आईच्या समाजात, त्याच हालअपेष्टांत वाढलेल्या मुलाला ते पुराव्याने सिद्ध करण्याची संधी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये म्हटले आहे. पण दोघेही बौद्ध असतील तर शहाणपणाचा मार्ग एकच. न्यायालयातील संमतीच्या अटींमध्येच लिहून घ्या की, वडिलांनी मुलांच्या जातीच्या दाखल्यासाठी व पडताळणीसाठी लागणारी सर्व कागदपत्रे इतक्या दिवसांत द्यावीत. ही एक ओळ मुलाचे शिक्षण वाचवते.

मग करायचे काय?

दोघांनाही वेगळे व्हायचे असेल तर कलम १३ ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करावा. त्याआधी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतरची ६ महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये सांगितले. बैठकीत जे ठरले तेच येथे लिहिता येते. फरक एवढाच की त्यावर न्यायालयाची मोहोर उमटते आणि मग त्या शब्दाला वजन येते.

एकाला नको असेल तर क्रूरता, दोन वर्षे टाकून देणे, व्यभिचार अशी कारणे सिद्ध करावी लागतात. "आमचे पटत नाही" किंवा "संसार कायमचा मोडला आहे" हे खालच्या न्यायालयात कारण होत नाही. सर्वोच्च न्यायालय अशा कारणावर लग्न मोडू शकते, पण ते घटनेच्या अनुच्छेद १४२ खालील त्याच्या खास अधिकारात. १ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाचा अर्थ एवढाच आहे.

लग्न बीड-परभणीला झाले, सासर अकोल्याला, मग दावा तेथेच करायचा काय? नाही. २००३ च्या दुरुस्तीने पत्नी सध्या जेथे राहते तेथेही तिला घटस्फोटाचा अर्ज करता येतो. पोटगीचेही तसेच आहे. माहेरी तुर्भ्याला आलेल्या मुलीने गावाला खेटे घालण्याचे कारण नाही.

"नवरा पगार लपवतो" ही तक्रार नेहमीची. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी साऱ्या देशासाठी नियम घालून दिले गेले. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. "मी बेकार आहे" हे उत्तरही चालत नाही. धडधाकट माणसाने मजुरी करूनही बायकोमुलांना पोसले पाहिजे, असे न्यायालयाने २०२२ साली बजावले आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस पोहोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम अर्ज जोडावा. आदेशानंतर पैसे आले नाहीत तर एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा. हे वर्ष चुकले की त्या जुन्या थकबाकीसाठी या कलमाखाली वॉरंट मिळत नाही. घरातून हाकलले असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्याच घरात राहण्याचा आदेश मागता येतो, आणि ते घर सासूसासऱ्यांच्या नावावर असले तरी तेवढ्याने तो हक्क नाहीसा होत नाही, हे २०२० साली स्पष्ट झाले आहे.

आणि वकिलाची फी? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातीच्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. १५१०० हा देशभराचा दूरध्वनी क्रमांक आहे. हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या फळ्यावर का लिहिलेला नसावा?

बैठका बंद करा, असे माझे म्हणणे नाही. भांडण मिटवणारी, दोघांना समजावणारी बैठक चांगलीच. पण ती लग्न मोडायला बसली की ती जातपंचायतच होते, मग भिंतीवर फोटो कोणाचाही असो. आपल्या विहार समित्यांनी आणि मंडळांनी यापुढे एक नियम करावा. लग्न लागले की त्याच आठवड्यात महापालिकेच्या विभाग कार्यालयात नोंदणी करून द्यायची. तडजोड ठरली तर ती लेखी करून वकिलामार्फत न्यायालयात न्यायची. बैठकीत निम्म्या स्त्रिया बसवायच्या. आणि फारकतीच्या स्टॅम्पपेपरवर साक्षीदार म्हणून कोणीही कार्यकर्त्याने सही करायची नाही. ज्याची सही त्या कागदावर आहे, तो एका बाईची पोटगी बुडवण्यास आणि दुसरीची फसवणूक होण्यास हातभार लावतो. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्याच्या हातून हे होता कामा नये.